वरच्याचं डोहाळजेवण

त्यानं माझ्या सुपाला लाथ मारली. सूप मांडीवरून उडालं, तंबाखू जमिनीवर सांडली आणि सकाळपासून वळलेल्या बिड्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेल्या.

बिडी वळणारी बाई दिवसभर सूप मांडीवर घेऊन बसते. त्यात तिची तंबाखू, कापलेली पानं, दोरा, कात्री. त्या सुपाला पाय लावणं म्हणजे काय, हे ज्यानं हे काम केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार बायका विसरतात. हे विसरत नाहीत.

माझ्या आधी त्यानं बाकीच्यांची सुपं उडवली होती. आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करून एकेकीचं सूप लाथाडत तो दाराकडं आला होता. सत्तरीचा, काटकुळा, भर उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळणारा माणूस. इतक्या वर्षांत आमच्यातल्या एकीलाही तो कधी वाकडं बोलला नव्हता. शेवटी त्यानं रेहानाची तयार बिड्यांची टोपली उचलली, बगलेत धरली आणि रस्त्यावर पळाला.

आम्ही त्याच्या मागं. शेवंतानं दारातली चप्पल उचलली आणि समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी त्याला गाठलं. पाठीत, खांद्यावर, डोक्यात, जिथं लागेल तिथं हाणलं. रेहानानं आधी टोपली ओढून घेतली, मग मफलर. मीही हाणलं. तो हात आडवा करत नव्हता. घराच्या दाराकडं बघत होता आणि एकच म्हणत होता, "मोजा. मोजा की. समद्या हायत का बघा."

"तुझी हाडं मोजते आता," शेवंता म्हणाली.

आम्हाला ते त्याचं नवीन नाटक वाटलं. त्याच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, खाली यायला तेव्हा थोडाच अवकाश होता, पण ते त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याला ते कधीपासून माहीत होतं, हे मला आजही नीट कळलेलं नाही.

घर त्याचं होतं म्हणून आम्ही त्याला मालक म्हणायचो. भाडं काही नव्हतं. सोलापूरच्या पूर्व भागात एका गल्लीच्या तोंडाला त्याचं जुनं मातीच्या माळवदाचं घर. पुढं एक लांबलचक खोली, मागं स्वयंपाकघर, बस. बिड्या घरी बसून वळता येतात, पण आमची घरं म्हणजे एकेक खोली. त्यात सून, नातवंडं, टीव्ही. तंबाखूचा वास आला की सून नाक दाबते. म्हणून आम्ही सात-आठ जणी सकाळची कामं उरकून आपापलं सूप घेऊन त्याच्या पुढच्या खोलीत जाऊन बसायचो. पंखा त्याचा, वीज त्याची, माठातलं पाणी त्याचं.

एकटा राहणारा बाप्या बायकांना फुकट बसू देतो, म्हणजे त्याला काहीतरी हवं आहे, असं मी पहिल्याच दिवशी धरून चालले. मी माणसावर लवकर विश्वास टाकत नाही. त्याचा मला फायदाच झालेला आहे. मी त्याचे डोळे बघितले, हात बघितले, कुणाच्या जवळ खुर्ची ओढतो ते बघितलं. तसलं काही नव्हतं. त्याला फक्त ऐकायला माणसं हवी होती. एवढं कळूनही माझा संशय गेला नाही. संशयानं फक्त जागा बदलली.

तो पूर्वी कापडाच्या गिरणीत कामाला होता. गिरणी बंद पडली, मग कुठल्या कुठल्या टॉवेलच्या कारखान्यांत रखवालदारी केली. बायको त्याच पुढच्या खोलीत वारली. एक मुलगी, ती माढ्याला दिलेली. ती त्याला ये ये म्हणायची आणि हा जायचा नाही.

त्याच्या सवयी काही औरच होत्या. स्वतःच्या घरात शिरायच्या आधी तो दार वाजवायचा. आत कुणी नाही हे त्याला ठाऊक, आम्हाला ठाऊक, गल्लीला ठाऊक. तरी वाजवायचा, खाकरायचा, जरा थांबायचा आणि मग कडी काढायचा. का वाजवता म्हणून विचारलं तर म्हणायचा, आत जे कोण बसलं असंल त्याला आवरून घ्यायला नको का, आपण असं एकदम शिरलं तर त्याला लाज वाटते. संडासाचं दारही तसंच. दिवसाउजेडी खिशात बॅटरी. चहा केला की कपातला थोडा बशीत ओतून कपाटावर ठेवायचा. तो "वरच्या"साठी. भाकरीचा तुकडा आणि त्यावर शेंगाची चटणी, तीही वरच्यासाठी. वरचा म्हणजे माळवदावर राहणारा. तो कोण, कधीचा, बाई का बाप्या, हे मालकानं कधी पक्कं सांगितलं नाही. गोष्टीला लागेल तसा वरचा बदलायचा.

गोष्टी सगळ्या भुताच्या. आणि सगळ्या हसवणाऱ्या.

पहिल्यांदा तो आवाज बारीक करायचा. आम्ही माना पुढं काढायचो. मग हळूहळू तो आम्हाला अशा जागी घेऊन जायचा की पंख्याचा आवाजसुद्धा नको वाटायचा. आणि तिथं नेऊन एकदम गप्प व्हायचा. चेहरा पांढरा, डोळे आमच्या डोक्यावरून मागं कुठंतरी. रेहाना पदर तोंडात धरायची. मग पापणीही न हलवता तो एखादं फालतू वाक्य टाकायचा, आणि आम्ही फुटायचो.

एक गोष्ट बंद गिरणीच्या फाटकावरची होती. रखवालदाराला तिसऱ्या पाळीच्या वेळी कुणीतरी रोज हाक मारतं. फाटकापलीकडं माणूस उभा, अंगात गिरणीचे कपडे, पाय जमिनीला टेकत नाहीत. म्हणतो, दार उघड, मला आत जायचंय. रखवालदाराच्या तोंडाला कोरड. कसाबसा विचारतो, कशाला. भूत म्हणतं, आत माझा डबा राहिलाय. रखवालदार म्हणतो, अरे, गिरणी बंद पडून किती वर्षं झाली, डबा नासला असंल की. आणि इथं मालक गप्प. बराच वेळ गप्प. मग भुताच्या आवाजात, अगदी दमलेल्या आवाजात, "मी तरी कुटं ताजा हाय?"

हडळीची गोष्ट आम्हाला सगळ्यांत आवडायची, कारण ती बिड्या वळायची. पाय उलटे म्हणून भिंतीकडं तोंड करून बसायची. हाताला इतकी चपळ की आमच्या दुप्पट माल. कारखान्यात घेऊन गेली तर माल तपासणाऱ्यानं निम्मा छाट म्हणून बाजूला काढला. हडळीनं केस सोडले, दात काढले, डोळे लाल केले. तो मान वर न करता म्हणाला, बाई, हितं समद्या अशाच येत्यात, मागं सरका. ही गोष्ट आम्ही किती वेळा सांगायला लावली असेल. आम्हाला सगळ्यांना छाट माहीत, तो माणूस माहीत, त्याचं मान वर न करणं माहीत. हडळीचं काय झालं ह्यापेक्षा तिचंही आपल्यासारखंच झालं, ह्याचं बरं वाटायचं.

नुसत्या भुताच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या. त्या ऐकून घाबरायचं आणि घाबरलेलंच झोपायचं. त्यात काय मजा? ह्याच्या गोष्टीत तसं नव्हतं. भीती त्याच्या हातात द्यायची, तो ती जरा वेळ खेळवणार आणि मग परत देणार, ही खात्री असायची. म्हणून आम्ही निर्धास्त घाबरायचो. माझी नातवंडं आता मोबाइलवर भुताचे विनोदी व्हिडिओ बघतात तेव्हा मी त्यांची तोंडं बघते. तेच असतं. घाबरलेलं तोंड आणि त्याच्या आतच तयार होऊन बसलेलं हसू.

नरसम्माचं हसू मात्र सगळ्यांत शेवटी यायचं. ती आमच्यात वयानं मोठी, तेलुगू बोलणारी, मराठी मोडकं, आणि कानानं अधू. ऐकू यावं म्हणून ती सगळ्यांत आत, मालकाच्या खुर्चीच्या पायाशी बसायची. आम्ही हसून मोकळ्या झालो की ती शेवंताला विचारायची, "काय म्हनला?" शेवंता तिच्या कानात ओरडून सांगायची. मग नरसम्मा हसायची, एकटीच, तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिचं हसू आल्याशिवाय मालक पुढची गोष्ट सुरू करत नसे. ही एक गोष्ट त्याची मला आवडायची. दुसरी आवडण्यासारखी होती का, आठवून बघावं लागेल.

वरून माती पडायला लागली ती एका पावसाळ्यात. माळवदाला दरवर्षी पांढरी माती घालून ते चोपावं लागतं, नाहीतर पाणी मुरतं. बायको गेल्यापासून त्यानं ते केलेलं नव्हतं. फळ्यांच्या फटीतून बारीक माती सुपात पडायची, तंबाखूत खडे यायचे, आणि कारखान्यात माल परत. आम्ही कुरकुर केली. तो म्हणाला, वरच्याला तुमची गंमत करायची लहर येते, जी हसत न्हाई तिच्या सुपात तो माती टाकतो. रेहाना म्हणाली, "हौ की, म्हणून आक्काच्या सुपात जास्त असते." आक्का म्हणजे मी.

मग आम्ही जुन्या साड्या जोडून छत शिवलं आणि तुळयांना खिळे मारून खोलीभर ताणून बांधलं. ही आमच्याकडची जुनी पद्धत. माती छतात पडते, सुपात नाही. आमची तंबाखू स्वच्छ राहिली आणि माल परत यायचा थांबला. तुळया आणि फळ्या मात्र त्या दिवसापासून आम्हाला दिसेनाशा झाल्या. खाली बसून बघितलं तर वर फक्त साड्यांची फुलं.

माती साठत गेली तसं छत आतल्या कोपऱ्याकडं खाली लोंबायला लागलं. नेमकं मालकाच्या खुर्चीवर. एका दिवशी तो वर बघत म्हणाला की वरचा बाप्या नाही, बाई आहे, आणि तिला दिवस गेलेत. आम्ही इतक्या हसलो की शेवंताला उचकी लागली.

तिथून रोज तेच. आज तिला मळमळतं. आज तिला चिंचा हव्यात. नवरा कोण ह्यावर तर महिनाभर चर्चा. पोट वाढत होतं आणि आम्ही ते बघून हसत होतो. श्रावण सरता सरता एके दिवशी कारखान्यातून पानं आली नाहीत, हाताला काम नव्हतं, तेव्हा कुणीतरी काढलं की वरच्याचं डोहाळजेवण करू. आणि आम्ही केलं. साठीच्या बायका आम्ही. रेहानानं भजी तळून आणली. मी भात केला. नरसम्मानं शेवंतीच्या फुलांचा हार केला, तो काठीनं वर सरकवून त्या पोटाला घातला. मालक सासू झाला. डोक्यावरून मफलर घेऊन, कमरेवर हात ठेवून, असली कसली सून, वर चढून बसली ती खाली येतच न्हाई, असं बोलत फिरत होता. आम्ही गाणी म्हटली. नरसम्मानं तेलुगूत एक म्हटलं. बाहेरून जाणारी माणसं डोकावून बघत होती. मीही हसले. हसू आलं म्हणून हसले, त्यात लपवायचं काही नाही.

मग मी स्टुलावर चढले आणि त्या पोटाला खालून हात लावला. सगळ्यांना वाटलं मी ओटी भरतेय. ते गार होतं. ओलं होतं. आणि धान्याच्या पोत्यासारखं जड. हातानं जरा वर ढकलून बघितलं, हललं नाही.

खाली उतरून मी त्याला म्हटलं, "मालक, माती ओली हाय. वर पाणी मुरतंय. छत सोडून तुळया बघा."

"पोटुशी बाई हाय आक्का," तो म्हणाला. "पाणी असणारच की."

पुन्हा सगळ्या हसल्या. माझं बोलणं तिथंच संपलं. त्याच्याशी कुठलंही खरं बोलायला जा, तो त्याची गोष्ट करून परत द्यायचा, आणि हसणाऱ्या बायकांपुढं खरं बोलणारी बाई कजाग दिसते. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा आपल्याला वर बघू देत नाही. हसणारं माणूस वर बघत नाही.

त्यानंतर मी त्याच्यावर पाळत ठेवली म्हटलं तरी चालेल. दिवाळीच्या आधी काही दिवस, परतीचा पाऊस रोज झोडपत होता तेव्हा, मी उजाडता उजाडता दूध आणायला निघाले होते. मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर एक माणूस वळकटी बांधत होता. मफलरवरून ओळखलं.

मी सरळ जाऊन विचारलं, की घर असताना हितं का झोपता. तो म्हणाला, वरची घोरते. मी हसले नाही. देवळात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे त्याच्या मदतीला हसणारंही कुणी नव्हतं.

"कवापासनं झोपता हितं?"

"लई दिवस झालं."

"आनि आमाला तितं बसवता."

तो वळकटीची दोरी पुन्हा पुन्हा आवळत राहिला. मग म्हणाला, "तुमी समद्या आला की मग मी आत जातो, आक्का. एकट्याला भ्या वाटतं."

"कशाचं?"

तो वळकटी खांद्यावर टाकून घराकडं गेला, दार वाजवलं, खाकरला, थांबला.

मी दोन्ही बाजूंनी विचार केला. भुताला भीत असेल तर म्हातारा भ्रमिष्ट आहे, आपलं काही जात नाही. माळवदाला भीत असेल तर तो स्वतः बाहेर झोपतो आणि दिवसा आपल्याला खाली बसवतो, म्हणजे चांगलाच पोचलेला आहे. कुठलं खरं, हे त्याच्या तोंडावरून कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यानं त्या तोंडाला दुसरंच काम लावलं होतं.

त्याच दिवशी मी सगळ्यांना सांगितलं. तो चहा करायला आत गेला होता. शेवंता म्हणाली, मग जायचं कुठं ते सांग. तिच्या घरात नवीन सून, दुसरीच्या घरात आजारी नवरा. रेहाना म्हणाली की मालक बायकोच्या आठवणीनं झोपत नसेल तिथं, तू कशाला उगाच वाईट बोलतेस. नरसम्मानं विचारलं, "काय म्हनली?" शेवंतानं तिच्या कानात ओरडून सांगितलं, आक्का म्हणते वरची बाळंत होणार. नरसम्मा हसली.

शेवटी असं ठरलं की दिवाळी झाली की छत सोडून बघायचं. दिवाळीच्या आधी कुणालाच कामाचा खाडा परवडणारा नव्हता. मी माझं सूप उचललं आणि दारापाशी जाऊन बसले. नरसम्मालाही हातानं खूण करून बोलावलं. तिनं मालकाच्या खुर्चीकडं बोट केलं, मग कानाकडं. दारापाशी बसून तिला गोष्ट ऐकू आली नसती.

माळवद आलं त्या दिवशी पाऊस उघडला होता. कडक ऊन पडलं होतं. दुपारची जेवणं झाली आणि मालकानं नवी गोष्ट काढली, उजनीच्या काठची. त्याच्या बहिणीचं गाव तिकडं. एक शेतकरी सकाळी धरणाच्या पाण्यावर मोटर चालू करायला जातो. मोटर चालू, पण पाणी येत नाही. पाइप ओढून बघतो तर खालून कुणीतरी पाइप धरलाय. धरणात बुडलेलं जुनं गाव तिथंच खाली आहे. शेतकरी म्हणतो, सोड. खालून बायकांचे आवाज येतात, आमचे हंडे अजून भरायचे आहेत. मग पाणी हलतं आणि पाण्यातून एक हात वर येतो. त्या हातात...

इथं मालक गप्प झाला.

आम्हीही गप्प. वर कुठंतरी लाकूड करकरलं. बारीक, लांब. आम्हाला वाटलं, किती चांगल्या वेळी करकरलं. मालकाचा चेहरा पांढरा पडला होता. डोळे आमच्या डोक्यावरून वर. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "उठा. भायेर चला."

कुणी उठलं नाही. हसू कधी येतं त्याची आम्ही वाट बघत होतो. हात चालू होते, बिड्या वळल्या जात होत्या.

"उठा म्हनतो न्हवं. माळवद येतंय."

रेहाना पदर तोंडात धरून खुदखुदली. शेवंता म्हणाली, "हातात काय होतं ते सांगा आधी." मी दारापाशी होते, सगळ्यांत जास्त संशय मला, आणि मीसुद्धा उठले नाही. त्या तोंडावर माझा विश्वास नव्हता म्हणून नाही उठले. बाकीच्यांचा होता म्हणून त्या नाही उठल्या.

तेव्हा त्यानं नरसम्माचं सूप लाथेनं उडवलं. मग शेवंताचं. मग एकेक करत दारापर्यंत. पुढचं मी सांगितलंच आहे. माळवद पडतंय म्हणून आमच्यातली एकही बाई जागची हलली नव्हती, त्याच आम्ही सगळ्या तंबाखू सांडली म्हणून उठलो आणि त्याला मारायला रस्त्यावर धावलो.

नरसम्मा धावली नाही. ती भांडखोर नव्हती. कारखान्यातून तंबाखू वजन करून मिळते. सांडली तर तेवढ्या बिड्या कमी भरतात, म्हणून सांडलेली आधी गोळा करायची, ही आम्हा सगळ्यांच्या हाताची सवय. म्हातारा पिसाळलाय, त्याला बाकीच्या बघून घेतील, असं तिला वाटलं असेल. ती तिथंच बसून गोळा करत राहिली.

गिरणीपाशी शेवंताची चप्पल वर गेलेली असताना मागून आवाज आला. मोठा आवाज नव्हता. ट्रकमधून वाळू ओतल्यासारखा. दारातून धूळ बाहेर आली आणि दार दिसेनासं झालं. शेवंताचा हात तसाच वर राहिला. तेव्हा आम्ही मोजलं.

आजूबाजूच्या यंत्रमागांवरची माणसं फावडी घेऊन आली, मग बंब आला. तिला काढायला संध्याकाळ झाली. सूप तिच्या मांडीवर होतं. सांडलेली तंबाखू तिनं निम्मीअधिक गोळा केली होती.

पोलिसांनी विचारलं, आम्ही होतं ते सांगितलं. गल्लीत दोन तट पडले. रेहाना म्हणते, त्यांनी लाथ मारली नसती तर आपण सगळ्या गेलो असतो, त्यांना दुवा द्या. शेवंता म्हणते, लाथ मारली ते बघता, आणि तिथं बसवलं कुणी? दोघी माझ्याच दारात भांडतात आणि दोघी माझ्याकडं बघतात. मी कुणाचीच बाजू घेत नाही.

नरसम्माच्या दहाव्याला तो आला होता. डोक्याला शेवंताच्या चपलेची खूण. घराबाहेर गटाराच्या कडेला उभा राहिला. नरसम्माच्या मुलानं त्याला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मी बाहेर गेले.

"तिला हाक मारली होती मी, आक्का," तो म्हणाला.

"तिला ऐकू येत न्हवतं."

"ठाऊक हाय की. म्हनून पयलं तिचंच सूप उडवलं."

 मग मी माझं विचारलं. "माळवद पडणार हे तुमाला ठाऊक होतं का न्हाई? खरं सांगा."

तो गप्प झाला. ते गप्प होणं मला ओळखीचं होतं. त्याच्यानंतर काय येतं तेही. मी वाट बघितली. काही आलं नाही.

"माती पडायची ती दिसत होती," तो शेवटी म्हणाला. "पर मला वाटायचं ती हाय वर. घरातली. ती गेल्यापासनं आवाज यायचा. माळवद उकरलं तर जाईल कुटंतरी."

बायकोबद्दल तो त्या दिवशी पहिल्यांदा बोलला. खरं असेल तर ज्या पोटाचं आम्ही डोहाळजेवण केलं, ते करताना त्याला काय वाटलं असेल, हे मला सांगता येत नाही. मफलर घेऊन सासू झाला होता, हसत होता. खोटं असेल तर ती त्याची शेवटची गोष्ट, आणि आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगली जमलेली. मी घरी येऊन रात्रभर त्याचं तोंड आठवून बघितलं. काही कळलं नाही.

मुलगी येऊन त्याला माढ्याला घेऊन गेली. त्या जागेवर आता पत्र्याचं कुंपण आहे. आम्ही समाजाच्या सभागृहात बसतो, वर सिमेंटचा स्लॅब आहे, तरी मी रोज आत शिरल्यावर आधी वर बघते. गोष्टी कुणी सांगत नाही. रेहाना मध्येच विचारते, त्या पाण्यातल्या हातात काय असेल गं. आणि ती पुन्हा पान कापायला घेते.

त्या दुपारी त्या खोलीत जेवढे होतो, त्यातली रेहाना वाचली, शेवंता वाचली, मी वाचले, बाकीच्याही वाचल्या. नरसम्मा वाचली नाही. तो वाचला.